शेरा — नाही

४ मार्च १९९७

राघवचा फॅक्स आला! चीनहून! सचदेवाजींच्या बूथवर.

सचदेवाजींनी खालूनच हाक मारली — "भाभीजी! चाइना से आया है!" आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हाक पाचव्यापर्यंत गेली. मी खाली पोचेपर्यंत त्यांच्या एसटीडी-आयएसडीच्या काचेच्या खोलीबाहेर चार माणसं जमलेली. कागद सचदेवाजींच्या हातात — गुळगुळीत, अजून कोमट, आपोआप गुंडाळी होणारा.

"मराठी है, पर अक्षर तो अपने ही हैं," म्हणाले. म्हणजे वाचून झालेलं होतं!

कंपनीचा रोजच्या अहवालाचा छापील कागद. नोएडाच्या कारखान्याला पाठवायचा तसलाच. वरचे इंग्रजी मथळे खोडून राघवने मराठीत आपले घातलेत.

"स्थानिक जीवन: सायकली पुष्कळ. सात मिनिटांत चारशे बारा मोजल्या. मग बस आली.
जेवण: कोंबडीचे पाय, नखांसकट. मी शाकाहारी असल्याचं सांगितलं. त्यांनी पाय उचलले आणि त्याखालचा भात मला दिला. मत: प्रतिकूल.
चालू घडामोडी: सकाळी धुकं.
शेरा: नाही."

तीनदा वाचलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि राघवने मला लिहिलेलं हे पहिलं पत्र! साखरपुड्यानंतर मी त्याला सात पत्रं पाठवली होती. उत्तरादाखल त्याने एक तार केली होती — "पत्रे पोचली."

५ मार्च

काल मैत्रेयीने फॅक्स वाचला. पंधरा वर्षांची पोर, दिल्लीत वाढलेली. "आई, प्रतिकूल मीन्स?"

"म्हणजे आवडलं नाही."

"बाबा इतना बोलते हैं?"

तिचंही खरंच आहे. गेल्या वर्षी एका रविवारी तिने राघवचे शब्द मोजले होते. दिवसभरात चौदा. त्यातले दोन "मीठ".

तो वाईट नाही. रागीट तर मुळीच नाही. बटणांचे टेलिफोन आले, त्यांच्या प्लास्टिकच्या कवचाचे साचे करून घ्यायला कंपनीने त्याला सहा महिने ग्वांगझौला पाठवलं. ते त्याने मला सांगितलं ते असं — "चीनला जातोय. स्वेटर लागेल का?" बस. गणपतीच्या आधी परत येणार हे मला कंपनीच्या ड्रायव्हरकडून कळलं.

१२ मार्च

काल फोन आला. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला खोटं वाटायला नको.

"बरा आहेस?"
"हो."
"जेवलास?"
"हो."
"काय?"
"भात."
(लाइनवर समुद्र ऐकू आल्यासारखं.)
"ठेवतो."

आणि आज — पानभर फॅक्स! तोफू या पदार्थावर अकरा ओळी! "पनीरसारखा दिसतो, पण पनीरचं काही ऐकत नाही."

हा कोण माणूस आहे?

२० मार्च

"सकाळी म्हातारी माणसं बागेत येतात आणि हवा ढकलतात. हवा कुठे जाते ते कळलं नाही."

हसून हसून पोटात दुखलं. एकटीच बसले होते. बरं झालं.

२ एप्रिल

फॅक्स मार्केटभर झालेत! भाजीवाल्याकडे वांगी चाचपत होते, शेजारून सचदेवाजी — "भाभीजी, बैंगन आज प्रतिकूल है." आणि भाजीवाला त्यांच्यावर चिडला! त्यालाही शब्द कळला होता!

समोरच्या फ्लॅटमधली समता सगळे फॅक्स वाचते. शास्त्री भवनात सेक्शन ऑफिसर. मूळ नागपूरची. बूट काढायच्या आधी विचारते, "काय म्हणते तुझा चीन?" आज वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "कुमुद, हे राघव नाही लिहून राहिला. कोणीतरी लिहून देत असेल त्याला."

"मराठीत? ग्वांगझौमध्ये?"

"हो ना. तेही खरंच आहे म्हणा." मग तळाशी बोट ठेवून, "आणि हे काय गं दर वेळी? पानभर बडबडायचं आणि शेरा नाही! आमच्या फाइलीवर असं केलं तर मेमो मिळते."

मी म्हटलं, रकाना असतो म्हणून भरतो. इंजिनिअर आहे. रकाना रिकामा ठेवला तर त्याला झोप येणार नाही.

पण तेव्हापासून मी कागद हातात आला की आधी तळ बघते.

१६ एप्रिल

हिंगाचं प्रकरण. सगळंच उतरवून काढते —

"जेवण: खोलीतल्या छोट्या शेगडीवर वरण केलं. फोडणीत हिंग घातला. चार मिनिटांनी शेजारचे गृहस्थ बाहेर आले. सहाव्या मिनिटाला पहारेकरी. दहाव्या मिनिटाला मजला रिकामा करण्यात आला. गॅस कुठून गळतो ते शोधायला दोन माणसं यंत्र घेऊन आली. मी हिंगाची डबी दाखवली. त्यांनी वास घेतला. डबी जप्त. पावती मिळाली.
मत: वरण चांगलं झालं होतं."

मैत्रेयीने हा वर्गात नेऊन वाचून दाखवला. हिंदीत भाषांतर करून. टीचर रडेपर्यंत हसल्या म्हणे.

२६ एप्रिल

फोनवर मी सांगितलं, "इकडे सरकार पडलं, नवं आलं." तो — "बरं."

आजचा फॅक्स: "चालू घडामोडी: दिल्लीतलं सरकार पडून नवं आल्याचं घरून कळलं. जेवताना दुभाष्यामार्फत इथल्या मंडळींना सांगितलं. किती दिवसांत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला सूप वाढलं."

८ मे

आज हसले नाही.

"जेवण: इथे टेबल गोल असतं आणि मधला भाग फिरतो. सगळे पदार्थ त्यावर. ज्याला जे हवं ते समोर आलं की घ्यायचं. त्यामुळे वाढायला कोणाला उभं राहावं लागत नाही. सगळे एकाच वेळी बसतात आणि एकाच वेळी उठतात. कोणाचंही ताट झाकून ठेवलेलं दिसलं नाही. मत: अत्यंत अनुकूल. ही कल्पना आधी का सुचली नाही?"

एकोणीस वर्षं मी तव्यावरून पोळी काढून याच्या ताटात टाकते आणि मग आपलं झाकलेलं ताट उघडते. हा खाली मान घालून जेवतो. मला वाटायचं, याला फक्त ताट दिसतं.

माझं झाकलेलं ताट याला दिसत होतं! आणि ते सांगायला याला ग्वांगझौला जावं लागलं!

कागद उशाखाली ठेवलाय. त्रेचाळीस वर्षांची बाई! कोणाला सांगू नये असं.

२२ मे

"दुपारी एक ते दोन सगळा कारखाना टेबलावर डोकं ठेवून झोपतो, मुख्य व्यवस्थापकासह. संध्याकाळी लोक पायजम्यात बाजारात जातात. दोन्हींबद्दल मत अनुकूल."

हा फॅक्स मी मुरलीधरकाकांना दाखवायला नको होता. आमच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी. पुण्याचे, रेल्वे बोर्डातून निवृत्त. आज दूध आणायला पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात! भानुमतीकाकू गॅलरीतून ओरडत होत्या, "अहो, निदान विजार तरी बदला!" काका शांतपणे दुधाचं टोकन हातात घेऊन — "सव्वाशे कोटींचा देश आहे. काही विचार केला असेल त्यांनी."

१४ जून

नऊ दिवस फॅक्स नाही. भाजीचं निमित्त करून बूथवरून चार वेळा गेले. घरात तीन किलो भेंडी झालीय.

१६ जून

आला! पोट बिघडलं होतं. "चार दिवस नुसतं गरम पाणी. इथे पाहुण्याला गरम पाणीच देतात — औषध म्हणून नाही, आदर म्हणून. मत: अनुकूल. डबी जप्त करणारा पहारेकरी चौकशीला आला होता. डबी परत दिली. दोन पिशव्यांत गुंडाळून."

सचदेवाजींनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं — "तबियत ठीक है! डिब्बी भी मिल गई!"

शेरा: नाही.

३ जुलै

हाँगकाँग चीनला परत मिळालं. टीव्हीवर रोषणाई पाहिली, आतषबाजीत राघव दिसतो का शोधलं. (मूर्खपणा. तो दोन-तीन तास लांब असतो.)

"चालू घडामोडी: हाँगकाँग परत आलं. साच्याचं काम दोन दिवस बंद. मिरवणूक, नाच, भाषणं. इतक्या वर्षांनी परत आलेल्याशी आता बोलायचं काय, असा प्रश्न मला पडला. दुभाष्याला विचारलं. तो म्हणाला, हे लिहू नका. म्हणून: हवा दमट आहे."

२० जुलै

परत यायला सहा आठवडे राहिले. सगळे विचारतात, आता आनंदात असशील!

आहे. आणि भीती वाटतेय. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू?

हा फॅक्सवाला माणूस मला फार आवडतो. तो हवा ढकलणारी म्हातारी माणसं बघतो. झाकलेलं ताट बघतो. पण विमानातून तो उतरणार नाही. उतरेल तो "मीठ" म्हणणारा. आणि मग मला दोघांपैकी एकाचीच सवय राहिलेली असेल.

समताला थोडंसं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला वर्षातून सहा महिने पाठवत जा ना बाई."

३ ऑगस्ट

तेविसावा फॅक्स. हा शेवटचा. पुढचा महिना साचे तपासायला दुसऱ्या गावी, तिथे फॅक्स नाही. मग तिथून थेट घरी.

संध्याकाळी मुरलीधरकाका आले. गणपतीच्या स्मरणिकेत सगळे फॅक्स छापायचे ठरवलंय! "आपल्या सोसायटीतला पहिला माणूस चीनमध्ये राहून आला. शिवाय तू लेखिका, घरचंच संपादन!" (दिवाळी अंकांत माझ्या दोन कथा आल्यात. काका दोन्हींना "ती तुझी गोष्ट" म्हणतात.) आणि मूळ कागद बॅडमिंटन हॉलमध्ये भिंतीवर लावायचे. "पण आधी लॅमिनेट करून आण. हा फॅक्सचा कागद टिकत नाही. लॅमिनेशन म्हणजे अमरत्व!"

काकांनी काय काय अमर केलंय ते अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. रेशनकार्ड, पेन्शनचा आदेश, एशियाडचं तिकीट, काकूंनी लिहिलेली पुरणपोळीची कृती. काकू म्हणतात, "मला तेवढं नेऊ नका हो त्या दुकानात."

९ ऑगस्ट

काळे. सगळे.

१० ऑगस्ट

काल पुढे लिहवलं नाही.

लॅमिनेशनच्या दुकानात तेवीस कागद दिले. मार्कशीटवाल्या मुलांची रांग होती. दुकानदार म्हणाला, आधा घंटा. मी कोथिंबीर आणायला गेले. परत आले तर काउंटरवर तेवीस चकचकीत, गुळगुळीत, कडक — काळ्या पाट्या. कोळशासारख्या. एक अक्षर नाही.

"ये क्या है?"

"भाभीजी, ये कागज गर्मी से काला पड़ता है. मशीन में गर्मी होती है."

"पहिला काळा झाल्यावर थांबायचं ना!" — मराठीतच ओरडले मी. पण त्याला कळलं.

बिचारा हात जोडून म्हणाला, "हर बार सोचा, अगला ठीक आएगा."

तेवीस वेळा! तेवीस वेळा त्या माणसाने आशा ठेवली!

घरी येऊन कपाटासमोर बसून रडले. मैत्रेयी आली, एक पाटी उजेडात धरून तिरकी करून पाहिली, मग माझ्याजवळ बसली. "आई, हिंगवाला मला पाठ है. पूरा." आणि तिने म्हणून दाखवला.

११ ऑगस्ट

काकांना जाऊन सांगितलं. पाट्या दाखवल्या. काकांनी एक पाटी नखाने खरवडून पाहिली. मग — "यात लॅमिनेशनचा दोष नाही. कागदाचा आहे."

मग दार लोटून, हळू आवाजात: "हे कोणाला सांगायचं नाही. ही कल्पना माझी होती असं बाहेर गेलं तर मी या मंडळात पुन्हा तोंड उघडू शकणार नाही. तुला आठवतंय ना सगळं? बस आणि लिहून काढ."

१५ ऑगस्ट

एकोणीस पानं जशीच्या तशी आठवली! समताने पाच सांगितली, मैत्रेयीने तीन. एका पानाचं जेवण आणि एकाचं स्थानिक जीवन सचदेवाजींनी सांगितलं — हिंदी उच्चारात, पण एकही शब्द न चुकता!

चार पानं मात्र गेली ती गेलीच. कोणालाच आठवत नाहीत.

१७ ऑगस्ट

चार पानं मी लिहिली. राघव होऊन.

सोपं गेलं हे कबूल करते. सहा महिने त्याचंच वाचतेय. "ट्रॅफिकचा पोलीस पांढरे हातमोजे घालतो. संध्याकाळीही पांढरेच असतात. मत: संशयास्पद." हे माझं! पण त्याचंच वाटतं!

आणि एक थोडा जास्तच हात मारला: "इथे कामावरून आल्यावर नवरे भाजी निवडतात, चिरतात आणि भांडीही घासतात. तक्रार करताना कोणी दिसला नाही. मत: अत्यंत अनुकूल."

करत असतील. मला काय माहीत! काही तरी करत असतील!

मग प्रत्येकाखाली "शेरा". लेखणी थांबली. कोणी बघणारं नव्हतं. हवं ते लिहिता आलं असतं. एकाखाली लिहिलंही — "शेरा: घरची आठवण येते."

आणि खोडलं. नीट, दिसू नये असं गिरवून खोडलं. त्याचा नवरेपणा मी लिहिला, त्याचं जेवण लिहिलं. शेरा कसा लिहू? तेवढा रकाना त्याचा आहे.

चारही ठिकाणी लिहिलं: शेरा: नाही.

३१ ऑगस्ट

स्मरणिका घरोघर पोचली. आणि भाजी पेटली!

चौथ्या मजल्यावरच्या विजयाताईंनी नवऱ्यासमोर गवार टाकली — "राघवराव लिहितात, वाचा." अख्ख्या बी ब्लॉकमध्ये काल पुरुष भेंडी पुसत होते. आणि सगळ्यात मोठा बळी मुरलीधरकाका! भानुमतीकाकूंनी त्यांना फरसबी दिली. काकांना मीच सांगितलं होतं, त्यामुळे पुरतं ठाऊक आहे की ते पान राघवचं नाही, पण बोलायची सोय नाही. बोलले तर लॅमिनेशन बाहेर येतं! जिन्यात भेटले तेव्हा बोटाला पट्टी होती. माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी "नमस्कार काका" म्हणून सटकले.

४ सप्टेंबर

राघव आला. सकाळी. वाळलाय. केस कोणीतरी चिनी पद्धतीने कापलेत, पुढून मुलासारखा दिसतो.

मैत्रेयी गळ्यात पडली. मी दारात उभी. तो म्हणाला, "आलो."

मी म्हटलं, "चहा?"

"गरम पाणी."

आणि बस. संध्याकाळपर्यंत एकूण नऊ शब्द.

६ सप्टेंबर

काल गणपती बसला. आज आरतीनंतर पुरुषांनी राघवला हॉलच्या कोपऱ्यात घेरलं. मी प्रसादाच्या टेबलामागे. मी त्याला अजून काहीच सांगितलं नव्हतं! स्मरणिका लपवून ठेवली होती, पण विजयाताईंच्या यजमानांनी ती त्याच्या नाकासमोर उघडी धरली — "राघवराव, हे काय लिहिलंत हो? नवरे भांडी घासतात? खरं सांगा!"

राघवने चष्मा लावला. पान वाचलं. मग मागचं वाचलं. मग पुढचं. त्याच्या मागून काका मला खुणा करत होते, त्या मला कळत नव्हत्या.

राघवने मान वर केली. सगळ्या हॉलमध्ये मला शोधलं. सापडले.

"हो," म्हणाला. "पाहिलंय मी."

"आणि तक्रार नाही?"

"नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काका मटकन खुर्चीत बसले.

७ सप्टेंबर

आज सगळं सांगितलं. पाट्या पलंगावर मांडल्या, तेवीसच्या तेवीस. म्हटलं, तू मला आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस आणि मी ते भाजून आणलं. मला रडू येत होतं.

त्याने एक पाटी उचलली. खिडकीपाशी नेली. उलटीसुलटी केली.

"हीट लागली," म्हणाला.

मग कडा जुळवून खाली ठेवली. ओठ हलल्यासारखे वाटले. मी थांबले. किती थांबले!

"जेवायचं?"

तेवीस पानं गेली आणि — हीट लागली! जेवायचं!

फॅक्सवाला नाहीच आला तर.

११ सप्टेंबर

आता जेवणातही काहीतरी बिनसलंय. पोळी ताटात पडते आणि हा तसाच बसून राहतो. हात मांडीवर. परवाही, कालही, आजही.

"कडक झालीय का?" "नाही." "मीठ?" "नाही." "मग जेव ना, गार होतेय!"

माझ्याकडे बघतो. ओट्यावरच्या झाकलेल्या ताटाकडे बघतो. मग सुस्कारा सोडून जेवतो.

चिनी जेवणाची सवय झाली असेल. हातचं आवडेनासं झालं की माणूस असाच बसतो.

१२ सप्टेंबर

आजही. समताला सांगितलं. ती म्हणाली, "तू लेखिका आहेस ना गं?" आणि पुढे काही सांगेना. हसत गेली.

१७ सप्टेंबर

सचदेवाजींची हाक — "भाभीजी! आया है!"

मी गॅलरीतून म्हटलं, कुठून? ते तर ऑफिसला गेलेत!

"नोएडा से!"

चप्पल एका पायात. तोच छापील कागद. तेच अक्षर.

"स्थानिक जीवन: मयूर विहार येथे येऊन चौदा दिवस झाले. लोक प्रेमळ. पुरुषवर्ग माझ्यावर नाराज, कारण समजलं आहे. चार पानं माझी नव्हती. ती जास्त चांगली होती.
जेवण: उत्तम. मात्र इथे बाई शेवटी जेवते. ती बसेपर्यंत मी हात लावला नाही. सहा वेळा करून पाहिलं. तिने पोळीची चौकशी केली. फिरतं टेबल इथल्या स्वयंपाकघरात मावणार नाही, मोजलं. पोळ्या आधी करून ठेवल्या तर चालेल. गार चालतील.
चालू घडामोडी: बोलायला जमत नाही. कागद समोर असला की जमतं. प्रयत्न चालू.
शेरा: आहे. घरी येऊन तोंडी सांगतो."

सचदेवाजींनी न विचारता झेरॉक्स काढून ठेवली होती. दोन प्रती. सगळ्या मार्केटला कळलंय की आज आमच्याकडे काहीतरी बोललं जाणार आहे.

पोळ्या करून ठेवल्यात. दोन ताटं मांडलीत, दोन्ही उघडी. पावणेसहा झालेत. ऑफिसहून त्याची चार्टर्ड बस सहाला येते.